कोरियन जवाचा चहा, बोरिचा: इथल्या जवापासून कोणी करून पाहिलाय का?

गोठवाली, ग्वाल्हेर

मंडळी, नमस्कार.

हा धागा पाककृतींत टाकावा की आरोग्यात ते ठरेना, म्हणून इथे टाकते आहे. हलवायचा असेल तर खुशाल हलवा.

प्रश्न एवढाच: बोरिचा, म्हणजे कोरियात घरोघरी पितात ते भाजलेल्या जवाचं पाणी, आपल्याकडच्या जवापासून करता येतं का? येत असेल तर जव कुठला घ्यायचा आणि किती भाजायचा? आता पाल्हाळ. घाई असेल त्यांनी शेवटचा परिच्छेद वाचला तरी चालेल.

मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहते, चिटणीस की गोठ या वस्तीत. मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. उठल्यावर चहा, मधल्या सुट्टीत चहा, घरी आल्यावर चहा, कोणी आलं म्हणून चहा आणि ते गेल्यावर हुश्श म्हणून चहा, असं आयुष्य गेलं. निवृत्तीनंतर शाळा सुटली, चहा सुटला नाही. रात्री दीड-दोनपर्यंत छताकडे बघत पडायचं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, शेवटचा कप किती वाजता? म्हटलं, साडेसात. त्या म्हणाल्या, पोटात गेलेलं कॅफीन निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात, काहींना त्याहून जास्त. साडेसातात पाच मिळवा. गणिताच्या बाईला बेरीज करायला सांगतात! चारनंतर चहा बंद.

मग पर्यायांचा शोध. तुळस-आल्याचा काढा घेतला की घरातले विचारतात, बरं नाही का? जिऱ्याचं पाणी ठीक, पण त्यासाठी कोणी वाट बघत बसत नाही. गवती चहा मला मनापासून आवडतो, पण त्याचं रोप आमच्या गच्चीवर मे महिना काढत नाही.

सूनबाई गुरुग्रामला असते. तिला कोरियन मालिकांचं वेड, तिकडच्या एका दुकानातून ती या बोरिचाचं पाकीट घेऊन आली. पुड्या तळहाताएवढ्या, एक पुडी अख्ख्या पातेल्याला पुरते. उकळलं, गाळलं, प्यालो. सातूच्या पिठाचा डबा उघडल्यावर जो वास येतो ना, तो पाण्यात उतरलाय, मागून किंचित कडवटपणा, बाकी काही नाही. साखर नाही, दूध नाही. आमच्या ह्यांनी एक घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि विचारलं, "चहा कधी येतोय?"

मला मात्र आवडलं. लगेच नाही, पण आवडलं. उन्हाळा तापल्यावर तर फ्रिजमध्ये बाटली भरून ठेवायला लागले. इथे पारा पंचेचाळिसाच्या वर जातो तेव्हा साधं पाणी पिऊन पिऊन तोंडाची चव जाते, सरबतं गोड लागतात. हे गार पाणी दुपारभर पीत बसले तरी कंटाळा येत नाही.

पाकीट संपलं. किंमत सूनबाई सांगत नाही, यावरून काय ते समजले. आणि जव तर आमच्या घराजवळ, दाल बाजारात पोत्यांनी पडलेला असतो. चंबळेकडच्या शेतात पिकणारं धान्य कोरियाहून मागवायचं हे काही मनाला पटेना.

वाण्याकडची पांढरी, पॉलिश केलेली बार्ली आणून भाजली. पाणी गढूळ आणि पेजट झालं, वास जेमतेम. मग पूजेच्या सामानाच्या दुकानातून सालासकट जव आणला, लोखंडी कढईत भाजला. बाहेरून काळा, दाताखाली फोडला तर आत पांढरा. पाणी फिकट आणि तरी कडू. पाकिटातला दाणा फोडून पाहिला होता, तो आतपर्यंत तपकिरी होता.

तर, जव कुठला? आच कशी? पाण्याला प्रमाण किती? केलेलं पाणी इथल्या उन्हाळ्यात किती वेळ टिकतं? आणि यात खरंच कॅफीन अजिबात नसतं ना? जाणकारांनी सांगा.

*

सुवॉनकर

गोठवाली ताई, धागा बघून बरं वाटलं. नोकरीमुळे काही वर्षं सुवॉनला होतो, सेऊलच्या दक्षिणेला. आता पुण्यात आहे.

शेवटच्या प्रश्नापासून येतो. शुद्ध बोरिचामध्ये कॅफीन नसतंच. कॅफीन चहाच्या झाडाच्या पानात असतं, जवात ते मुळातच नाही, त्यामुळे काढून टाकायचाही प्रश्न नाही. चहा हे नुसतं म्हणायला.

दुसरं, रागावू नका, पण हे साडेसातच्या चहाच्या जागी बसवायचा प्रयत्न करू नका. तिथे याची वेळ नसते, याच्यासोबत बिस्किटं नसतात, "चला, बोरिचा घेऊ या" असं कोणी कोणाला म्हणत नाही. ते प्यायचं पाणी आहे. खानावळीत बसलात की न मागता स्टीलचे पेले आणि तपकिरी पाण्याची बाटली टेबलावर येते. उन्हाळ्यात गार, थंडीत कोमट. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ग्लास उचलून उजेडात धरला होता, नळ गंजलाय की काय म्हणून. शेजारच्या टेबलावरची माणसं हसली. आता शहरांत फिल्टरचं साधं पाणी ठेवणारी दुकानंही पुष्कळ आहेत, पण आमच्या घरमालकीणबाई, सत्तरीच्या, रात्री मोठ्या किटलीत पाणी उकळून त्यात जव टाकायच्या, गाळून ठेवायच्या आणि सकाळी बाटल्या भरायच्या. पाणी उकळून प्यायची सवय आणि ही चव तिथे हातात हात घालून आली आहे. सुट्ट्या दाण्यांचं पाकीट मिळतं, पुड्या मिळतात आणि तयार बाटलीही मिळते. हानुल बोरी नावाची बाटली २००० साली बाजारात आली, ती अजून चालते.

जव सालासकटच. ते लोक सालाचा जव भाजतात. पॉलिशचा जव शिजतो, पाण्यात पिठूळपणा सोडतो, तुम्हाला आलेला अनुभव तोच. प्रमाण: दोन लिटर पाण्याला लहान मूठभर, तीसेक ग्रॅम. पाणी आधी उकळू द्या, मग दाणे टाका, आच कमी करा, पंधरा-वीस मिनिटं. मग लगेच गाळा. दाणे पाण्यात रात्रभर राहिले की पाणी कडवट आणि गढूळ होतं.

कडवटपणा नको असेल तर निम्मा मका घाला. मक्याचे वाळके दाणे भाजून केलं की ओक्सुसू-चा (कोरियनमध्ये 'चा' म्हणजे चहा), तो मुळातच गोडसर. बरीच घरं जव आणि मका मिसळूनच करतात. फक्त पॉपकॉर्नचा मका आणू नका, कढईतून दाणे घरभर उडतील. भाकरीच्या पिठासाठी जो मका मिळतो तो. त्याला भाजायला आणि उकळायला दोन्हीला जास्त वेळ लागतो. मक्याच्या केसांचा चहा वेगळा, तोही बाटलीत मिळतो, त्यात गल्लत नको.

गल्लत होण्याची खरी जागा मात्र दुसरी आहे. भाजलेल्या तांदळाचा ह्यॉनमी-चा कॅफीनविरहित असतो, पण त्याच्याच शेजारी ह्यॉनमी-नोकचा ठेवलेला असतो आणि त्यात हिरव्या चहाची पानं असतात. जपानी गेनमाईचाचंही तसंच. आपल्याकडच्या आयात मालाच्या फडताळांवर हे सगळे एका रांगेत, चित्रंही सारखीच, भाताच्या ओंब्यांची. तुमच्या झोपेचा प्रश्न असेल तर सूनबाईंना घटक वाचूनच घ्यायला सांगा.

आणि एक, विषय थोडा सोडून. या सगळ्याच्या आधीची, माझ्या सर्वांत आवडीची गोष्ट म्हणजे सुंगन्युंग. बिडाच्या भांड्यात भात केला की तळाला खरपूस थर लागतो, त्याला नुरुंगजी म्हणतात. भात काढून घ्यायचा, तळाच्या थरावर पाणी ओतायचं आणि उकळायचं. जेवण झालं की ते ऊन पाणी वाटीत घेऊन प्यायचं. आपल्याकडे खरवड सुटावी म्हणून पातेल्यात पाणी घालून मोरीत ठेवतात, ते लोक ते पाणी उकळून पितात आणि पातेलंही स्वच्छ होतं. विजेच्या कुकरमध्ये भात लागत नाही म्हणून आता नुरुंगजी वेगळी तयार करून पाकिटात विकतात. घरमालकीणबाईंना याचं फार हसू यायचं: आधी भात लागू नये म्हणून कुकर घ्यायचा, मग लागलेला भात विकत आणायचा.

*

बावळट_बोका

म्हणजे इतकं भाजून, उकळून, गाळून शेवटी पाणीच प्यायचं. मग पाणी प्या ना.

बाकी एका रीलमध्ये ऐकलं की याने पोटावरची चरबी वितळते, साखर उतरते, रक्त शुद्ध होतं आणि त्वचा काचेची होते. हे खरं असेल तर मी पातेल्यातच बसतो.

*

दांडियाबाजार, बडोदे

बोकोबा, बसू नका, पातेलं लागेल.

गोठवाली ताई, एक गोष्ट कोणी लिहिली नाही म्हणून लिहितो. जवात ग्लुटेन असतं. माझ्या मुलाला सीलिॲक, म्हणजे ग्लुटेन न चालण्याचा आजार आहे, त्यामुळे गव्हाबरोबर जवही आमच्या घरातून गेला. "गाळलेलं तर आहे, दाणा कुठे पोटात जातो" असं आम्हाला बऱ्याच जणांनी सांगितलं. आहारतज्ज्ञांनी स्पष्ट सांगितलं, गाळून उपयोग नाही, पाण्यात उतरायचं ते उतरतं. चालणार नाही म्हणजे नाही. तेव्हा तुम्ही फ्रिजमध्ये ही बाटली ठेवत असाल आणि पाहुण्यांना पाणी म्हणून देत असाल, तर आधी सांगत जा. रंगावरून लोक ताक-सरबत ओळखतात, हे ओळखणार नाहीत.

आमच्याकडे त्याऐवजी मका आणि कुट्टू, म्हणजे बकव्हीट. कुट्टूचा तो मेमिल-चा. कुट्टू नावाला धान्य, वनस्पती म्हणून गव्हा-जवाच्या घराण्यातला नाहीच, त्यात ग्लुटेन नाही. मात्र विकतच्या पाकिटात कधी कधी जव मिसळलेला असतो, तो पाहावा लागतो, आणि काहींना कुट्टूचीच ॲलर्जी असते, त्यांनी दूर राहावं. सोललेले दाणे मंद आचेवर भाजले की पाच-सात मिनिटांत वास सुटतो. जवापेक्षा लवकर करपतात, उठून दार उघडायला जाऊ नका.

कोणी चिकोरी सुचवायच्या आत तेही सांगून टाकतो. ती आमच्या गुजरातेतच पिकते, जामनगरकडे भरपूर. नुसत्या चिकोरीत कॅफीन नाही, पण दुकानात चिकोरी म्हणून मागितली की कॉफीत मिसळलेली हातात येते. आणि माझं मत विचाराल तर नुसती चिकोरी प्यायला हट्ट लागतो.

*

भट्टीपुराण

मी खाद्यप्रक्रियेत काम करतो, भाजणे हाच धंदा. (जव नाही, दाणे आणि डाळी.) गोठवाली ताईंचा दाणा बाहेरून काळा, आतून पांढरा, हे वाचून हात शिवशिवले.

कारण आच. लोखंडी कढई जाड, ती एकदा तापली की उष्णता धरून बसते. दाण्याचं साल आधी करपतं आणि उष्णता आत पोचायच्या आधीच आपण वासाला घाबरून गॅस बंद करतो. जो खमंगपणा हवा असतो तो साधारण १४० अंशांच्या पुढे, दाण्यातली साखर आणि प्रथिनं यांच्यात होणाऱ्या रासायनिक क्रियेतून येतो. भाकरीचा पापुद्रा, कॉफी, भाजलेले शेंगदाणे, सगळीकडे तीच क्रिया. ती दाण्याच्या गाभ्यात व्हायला हवी, आणि गाभ्याला वेळ द्यावा लागतो. मंद ते मध्यम आच, कढईत दाण्यांचा एकच थर, हात थांबवायचा नाही, पाव किलोला अर्धा तास सहज. धुतला असेल तर आधी उन्हात खडखडीत वाळवा, ओला दाणा भाजत नाही, वाफवतो. रंगावर विश्वास ठेवू नका, सालाचा रंग फसवतो. मधून मधून एक दाणा खलबत्त्यात फोडायचा. आत बदामी झाला की सातूसाठी पुरे, तपकिरी झाला की बोरिचासाठी. त्याच्या पुढे नको. पिष्टमय पदार्थ १२० अंशांच्या वर तापले की त्यात थोडं ॲक्रिलामाइड तयार होतं, ते कॉफीत असतं, वेफर्समध्ये असतं, यातही असतं. त्याने घाबरून जायचं कारण नाही, पण कोळसा करून पिण्यातही शहाणपण नाही. आच बंद केल्यावर दाणे लगेच परातीत काढा, कढईत ठेवले तर भाजत राहतात.

पूजेच्या दुकानातल्या जवाबद्दल सावध. हवनाचा जव निवडलेला नसतो, आणि जवारे पेरायला म्हणून जो येतो तो कधी बियाण्याचा असतो. बियाण्याला औषध चोळलेलं असतं. दाण्यावर गुलाबी-निळी झाक दिसली तर तो खायचा नाही, धुऊनही नाही. दाल बाजारात "खाने का साबुत जौ, छिलके वाला" असं स्पष्ट मागा.

टिकण्याबद्दल: यात थोडं पिष्ट आणि साखर उतरलेली असते, जंतूंना तेवढं पुरतं. पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवून लवकर निववा, बाटलीत भरून फ्रिजमध्ये, दोन-तीन दिवसांत संपवा. मे महिन्यात ओट्यावर राहिलेलं संध्याकाळी पिऊ नका. आंबूस वास किंवा तार दिसली तर झाडांना. आणि माठात मुळीच भरू नका. ग्वाल्हेरकरांना तो मोह होणार हे माहीत आहे म्हणून सांगतो. माठाच्या छिद्रांत ते मुरतं, मग माठच आंबतो आणि नंतरचं साधं पाणीही खराब करतो.

बोकोबांच्या रीलबद्दल. जव खाण्याचे फायदे आहेत, त्यातलं बीटा-ग्लुकन नावाचं तंतूद्रव्य कोलेस्टेरॉलसाठी चांगलं हे खरं. पण इथे आपण जव फेकतो आणि पाणी पितो. तंतू बहुतेक चोथ्यातच राहतात. आपल्याकडे लघवीच्या जळजळीला देतात ते न भाजलेल्या जवाचं दाटसर पाणी हाही वेगळा प्रकार, त्याचे गुण याला चिकटवू नयेत. साखर नसलेलं, चव असलेलं पाणी, एवढंच याचं भांडवल. कोल्ड्रिंकच्या जागी आलं तर तेवढ्यानेही पुष्कळ झालं.

*

गोठवाली, ग्वाल्हेर

सगळ्यांचे आभार. बोकोबा, पाणीच प्यायचं असतं तर धागा कशाला काढला असता.

दांडियाबाजार, हे बरं सांगितलंत. आमच्याकडे येणाऱ्यांत अशी एक मुलगी आहे, तिला विचारून मगच. बाटलीवर चिठ्ठी चिकटवली आहे.

सुवॉनकर, चहाच्या जागी बसवू नका हे वाचून मी जरा हिरमुसले, मग विचार केला की बरोबर आहे. मी कपबशीत घेत होते आणि दर घोटाला चहाशी तुलना करत होते. तुलनेत कोणीही हरेल. पेल्यात ओतलं की तो प्रश्नच राहत नाही.

भट्टीपुराण, अर्धा तास कढईजवळ उभं राहणं जूनमध्ये जमणारं नाही हो. स्वयंपाकघरात शिरायचीच हिंमत लागते. दुसरा मार्ग आहे का?

*

जुना_लष्करकर

अहो ताई, गोठीत राहता आणि कढईशी कशाला झगडता? भाडावर न्या.

लष्करात अजून भाड, म्हणजे भडभुंज्यांच्या भट्ट्या, पेटतात. भडभुंजा तापलेल्या वाळूत दाणा टाकतो, लांब दांड्याच्या पळीने फिरवतो, चाळणीत वाळू झाडतो, मिनिटांचं काम. वाळू दाण्याला चहूबाजूंनी वेढते म्हणून उष्णता सगळीकडून सारखी लागते, जे कढईत तळाकडूनच लागते. सातूचा जव पिढ्यान्‌पिढ्या असाच भाजला गेलाय. आमच्या आईच्या काळी चैत्र संपत आला की जव आणि चणे भाडावर जायचे, मग जात्यावर. अक्षय्य तृतीयेला सातू, पंखा आणि पाण्याने भरलेली घागर दान द्यायची, नंतरच घरातल्यांनी सातूला हात लावायचा. इकडच्या लोकांची सतुवाई अमावास्या असते, त्यांच्याशी आमचं त्यावरून दरवर्षी गोड भांडण.

फक्त लक्षात ठेवा, भाडवाला सातूच्या अंदाजाने भाजणार, म्हणजे फिका. त्याला दुसरा घाणा काढायला सांगावा लागेल. तो तयार होणार नाही. माल खराब केला असं कोणी म्हणू नये याची त्यांना काळजी असते.

*

सुवॉनकर

वाळूतला जव! हे मला सुचलंच नसतं. ताई, करून बघाच आणि इथे लिहा.

*

बावळट_बोका

मी पण वाट बघतोय. नाइलाजाने.

*

गोठवाली, ग्वाल्हेर

लिहायला उशीर झाला, मधे घरात लग्न होतं.

दाल बाजारातून सालाचा जव आणला, खाण्याचा, झाक-बीक न दिसणारा. निवडला, धुतला, गच्चीवर वाळवला. गच्चीवर वाळायला वेळ लागला नाही, गच्चीच तव्यावर होती. मग भाडावर नेला. पहिला घाणा झक्क निघाला, दाणे तडकलेले, आत बदामी. जुने लष्करकर म्हणाले तसंच झालं. दुसऱ्यांदा टाका म्हटल्यावर भाडवाले पळी धरून थांबले. "बाईजी, जल जाएगा, फिर हमें मत कहना." म्हटलं, नाही म्हणणार. "करना क्या है इसका?" पाण्यात उकळून पिणार. त्यांनी पळी खाली ठेवली आणि आतल्या बाजूला मुलाला हाक मारली, ये बघ म्हणून. दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मग काढून दिला बापड्यांनी दुसरा घाणा, पैसे मात्र एकाचेच घेतले, आग्रह करूनही. माझी दया आली असावी.

दुसऱ्या घाण्यानंतर दाणा आत तपकिरीच्या अलीकडे होता. घरी आणून पहाटे, ऊन चढायच्या आत, कढईत पाच-दहा मिनिटं मंद आचेवर फिरवला, तेवढ्याने पाकिटातल्या दाण्याच्या रंगाला पोचला. वाळूचा कण दाताखाली येईल अशी भीती होती, म्हणून चाळणीने चाळला आणि उकळताना पातळ फडक्यात पुरचुंडी बांधून सोडला. कण आला नाही. पुरचुंडीमुळे गाळायचाही त्रास वाचतो.

पाण्याचा फरक फार पडतो, हे कोणी लिहिलं नव्हतं. आमच्याकडे नळाला तिघऱ्याच्या धरणाचं पाणी आणि बागेला बोअरिंगचं. एकदा नळ गेला म्हणून बोअरिंगच्या पाण्यात केलं, वर पातळ साय धरली आणि चव बसकी लागली. तिघऱ्याच्या पाण्यात तेच दाणे मोकळे लागतात. हे मी जेवताना बोलून दाखवलं आणि पस्तावले, कारण आमचे हे पाटबंधाऱ्यातून निवृत्त. तिघऱ्याचं नाव निघालं की विश्वेश्वरय्यांचे स्वयंचलित दरवाजे, ते आधी १९०३ साली खडकवासल्याला कसे बसवले, मग इथे कसे आले, सगळं ताट वाळेपर्यंत. बोरिचाबद्दल त्यांचं मत बदललेलं नाही. पण दुपारी बाटली अर्धी झालेली दिसते आणि घरात आम्ही दोघंच असतो.

प्रमाण माझं सुवॉनकरांपेक्षा थोडं जास्त बसलं, दोन लिटरला चांगली मोठी मूठ, कारण भाडावरचा दाणा फुलून हलका होतो. वजनाने मोजलं तर सारखंच निघेल बहुतेक. उकळायला वीस मिनिटं. गार केल्यावर चव वाढते असं माझं मत. ऊन असताना नुसता धुरकट वास पुढे येतो.

मकाही घालून पाहिला, चक्कीवाल्याकडचा पिवळा. गोडवा छान येतो, पण मला जवाचा कोरडेपणाच आवडतो. ज्यांना पहिल्यांदा द्यायचं त्यांना मक्याचं मिश्रण द्यावं, तोंड कमी वाकडं होतं. कुट्टू एकादशीला केला. आपल्या घरांत उपासाला भगर-साबुदाणा, कुट्टू हा शेजाऱ्यांकडून आलेला. पण आला आहे तर त्याचं पाणीही उपासाला चालेल असं मीच ठरवून टाकलं. सासूबाई असत्या तर यावर एक दुपार चर्चा झाली असती. दांडियाबाजार, तुमचं खरं, तो करपतो फार लवकर. पण चव सगळ्यांत भारी, हे कबूल.

झोपेचं विचारणाऱ्यांसाठी: अकरा-साडेअकराला लागते. याचं श्रेय चारनंतर चहा बंद केल्याला, जवाला नाही, नाहीतर उद्या कोणी रील काढेल. साडेसातला चहाची आठवण अजून येते. त्या वेळेला मी सरळ चपला घालून महाराज बाड्याच्या चौकापर्यंत चक्कर मारून येते, घरात थांबले की हात गॅसकडे जातो.

भाजलेला जव घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवला आहे, वास अजून टिकून आहे. पावसाळ्यात सादळेल असं वाटतं, म्हणून थोडाच भाजून आणायचा. आणि लष्करात कोणी भाडावर जाणार असेल तर दुपारी चारनंतर जा. सकाळी त्यांच्याकडे दुकानदारांचे चणे-मुरमुरे चालू असतात, तेव्हा आपला किलोभर जव कोणी हातात घेत नाही. जाताना कापडी पिशवी न्या, गरम दाण्याने माझी प्लास्टिकची पिशवी तिथल्या तिथे वितळली.